पंधरा वावांवरचं घड्याळ

ग्लोरिफेचा दीर क्रिस्पुलो समुद्रावरून आपल्या पायांनी परत आला नाही. चौघांनी त्याला होडीतून उचलून वाळूवर ठेवलं, तेव्हा तो हसत म्हणत होता, "पाय झोपलेत रे, उठतील." ते काही उठले नाहीत. आरोग्य केंद्रातल्या नर्सनं विचारलं, "तळाशी किती वेळ होता?" आणि सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिले. कुणी म्हणालं अर्धा तास, कुणी म्हणालं तास असेल. खोल पाण्यात फार वेळ राहून न थांबता वर आलं की रक्तात हवेचे बुडबुडे धरतात आणि पाय जातात, असं नर्सनंच सांगितलं. बांतायान बेटावरचे पाणबुडे अंदाजानं उतरायचे आणि अंदाजानंच वर यायचे.

ग्लोरिफेचा नवरा आर्नुल्फो हेच काम करायचा. होडीवर हवेचा कॉम्प्रेसर धडधडायचा, त्याची पिवळी नळी दातांत धरून हा पंधरा वाव, म्हणजे नव्वदेक फूट, खाली जायचा आणि समुद्रकाकड्या, तळाशी पडून असणारे काकडीसारखे मऊ जीव, वेचायचा. क्रिस्पुलोनंतर ग्लोरिफे रोज त्याच्याबरोबर होडीवर जायला लागली. इंजिन सांभाळायला म्हातारा तासियो असायचाच; वडीलधारा म्हणून सगळे त्याला 'नोंग' म्हणत. ही नुसती नळी हातात धरून बसायची. नळीला एक झटका म्हणजे 'ठीक ना?', तीन झटके म्हणजे 'वर ये', असं त्यांचं ठरलं होतं.

भीतीनं तिचा हात स्वस्थ राहायचा नाही. पहिल्या आठवड्यात तिनं दोनदा अवेळीच तीन झटके दिले. दुसऱ्या वेळी आर्नुल्फो वर आला तो फणफणतच; लाडाची 'इंदाय' हाकही त्यानं रागानंच मारली. "इंदाय, दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील! अर्धी पिशवीही भरली नाही. तू इथं राखण करायला येतेस की माझा धंदा बुडवायला?"

"तुला काय कळतंय खाली किती वेळ झाला ते?"

"आणि तुला वर बसून कळतं?"

त्या भांडणातूनच घड्याळाची गोष्ट निघाली. सुकी मासळी विकून तिनं थोडे पैसे बाजूला टाकले होते. ते घेऊन ती फेरीबोटीनं आणि मग बसनं सेबू शहरात गेली. कोलोन रस्त्यावर नोंग पिद्योंग नावाचा घड्याळजी काचेच्या पेटीमागे बसलेला असायचा. नव्वद सालापासून तो त्याच खुर्चीत होता, असं लोक सांगत.

"पाणबुड्याचं घड्याळ हवंय. स्वस्तातलं," ती म्हणाली.

त्यानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मिरवायला की पाण्यात न्यायला?"

"पंधरा वाव."

त्यानं पेटीतली चकचकीत घड्याळं मागे सारली. "ही सगळी पाणबुड्याचं सोंग घेतलेली. तबकडीवर दोनशे मीटर लिहिलंय, पण ते लिहायला रंगच लागतो ना नुसता. भांडी घासतानासुद्धा हातातून काढून ठेवावी लागतील." मग खणातून त्यानं एक जाडजूड, काळ्या तबकडीचं घड्याळ काढलं. जपानी यंत्र, सेल नाही, हाताच्या हालचालीवर आपोआप चालणारं. पाण्याच्या दाबाच्या भांड्यात ते घालून त्यानं तिच्यासमोर तपासलं. एकही बुडबुडा आला नाही.

"हे बाहेरचं कडं एकाच बाजूला फिरतं, बघ. उतरताना खूण मिनिटकाट्यावर आणायची. चुकून धक्का लागलाच तर कडं वेळ जास्त दाखवील, कमी कधीच नाही. म्हणजे माणूस चुकून वर येईल, चुकून खाली राहणार नाही."

हे ऐकून ग्लोरिफेच्या डोळ्यांत पाणी आलं. अडीच हजार पेसो सांगितले त्यानं, आणि तिनं घासाघीस केली नाही.

"एक मात्र ध्यानात ठेव," घड्याळ पिशवीत घालता घालता तो म्हणाला. "वेळ लावलीस की ही चावी आत दाबून पिळून बसवायची. पिळली नाहीस तर पाणी शिरेल; मग ते घड्याळ नाही, शिंपला आहे."

आर्नुल्फोला घड्याळ इतकं आवडलं की पहिले दोन दिवस तो जेवतानाही मनगट वर धरून जेवला. शेजारीपाजारी येऊन कडं फिरवून, कटकट आवाज ऐकून गेले. "आता झटके बंद," त्यानं बायकोला बजावलं. "अर्धा तास म्हणजे अर्धा तास. खाली वेळ मी बघणार." आणि खरोखर, पुढचे तीन आठवडे तो घड्याळाच्या काट्यावर वर आला. ग्लोरिफेला रात्री झोप लागायला लागली.

मग वारा उठला. दोन दिवस होड्या किनाऱ्यावर राहिल्या आणि घड्याळ खिळ्याला टांगलेलं राहिलं. तिसऱ्या सकाळी समुद्र निवला. आर्नुल्फो घाईघाईनं जाळी-पिशव्या भरत होता. घड्याळ बंद पडलं होतं. ग्लोरिफेनं ते हलवून चालू केलं, मोबाइलवर बघून वेळ लावली, तेवढ्यात चुलीवरचा भात लागल्याचा वास आला. ती घड्याळ त्याच्या हातात देऊन चुलीकडे धावली.

हे सगळं तिला आठवलं ते होडीवर, आर्नुल्फो उतरून एकतीस मिनिटं झाल्यावर.

तोवर ती स्वस्थ होती. मोबाइलवर तीस मिनिटं झाली तशी नळी सैल पडेल म्हणून तिनं वाट पाहिली. नळी ताठच. एकतीस. तिनं एक झटका दिला. खालून एक झटका आला, 'ठीक'. आणि मग तिच्या बोटांना आठवलं. तिनं चावी दाबली होती. पिळली नव्हती.

घड्याळात पाणी शिरलं असेल. काटे थांबले असतील. आणि तो खाली बघून म्हणत असेल, अजून वेळ आहे.

तिनं तीन झटके दिले. थोड्या वेळानं खालून एकच आला.

पुन्हा तीन. या वेळी उत्तरात नळीला असा एक हिसका बसला की तिला नवऱ्याचं तोंडच दिसलं. 'पुरे झालं तुझं.'

"नोंग, तो येत नाही!"

"ओढून काढू या का?" तासियो इंजिनामागून म्हणाला.

"ओढू नका! क्रिस्पुलो तसाच वर आला होता."

छत्तीस मिनिटं. क्रिस्पुलोची नळी होडीच्या टोकाला गुंडाळलेली होती. तो पडल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. ग्लोरिफेनं ती सोडून कॉम्प्रेसरच्या दुसऱ्या तोटीला जोडली. लहानपणी ती शिंपल्यांसाठी तीन-चार वाव बुडी मारायची, त्यापुढचं पाणी तिला माहीत नव्हतं. तिनं डोळ्यांवर काच बांधली, कमरेला शिशाचा पट्टा आवळला.

"वेडी झालीस का पोरी? तुझ्या पोरांना काय सांगू मी?"

"मोबाइल धरा. आम्ही नांगराच्या दोरीवर थांबू. दोरी ताणली की तिथून वीस मिनिटं मोजा, मग झटके द्या. आधी नाही."

नळीतल्या हवेला तेलाचा वास होता. तो घशात बसला आणि तिला उमासा आला. पण दात सोडले तर संपलंच. आर्नुल्फोची पिवळी नळी मुठीत धरून ती खाली सरकत गेली. कानांत सुया घुसल्या. वरचं ऊन हिरवं झालं, मग निळं, मग कशाचाच रंग राहिला नाही. आपलं हृदय ऐकू येतंय की इंजिन, ते तिला कळेना. इंजिन बंद पडलं तर दोघंही इथंच, हा विचार आला आणि तिनं नळी अशी चावली की हवाच बंद झाली. तिनं महत्प्रयासानं जबडा सैल केला.

आर्नुल्फो वाळूवर ओणवा झाला होता. पिशवी जवळजवळ भरलेली. खांद्यावर हात पडताच तो भूत बघितल्यासारखा दचकला.

तिनं त्याचं मनगट पकडून त्याच्याच डोळ्यांसमोर धरलं. काचेखाली अर्धं पाणी हेलकावत होतं. घड्याळाच्या हिशेबानं तो उतरून अकरा मिनिटं झाली होती. तिनं दोन्ही पंजे चार वेळा उघडले. चाळीस.

त्याला कळलं ते तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्यानं पिशवी टाकली आणि पाय मारून तो सरळ वर निघाला, अगदी भावासारखा. ग्लोरिफेनं त्याचा घोटा धरला. तो लाथ झाडत होता आणि ती सोडत नव्हती. उजेडाकडे धडपडणाऱ्या आपल्या नवऱ्याला ती खाली ओढून धरत होती. जन्मात असं भयंकर काम तिनं कधी केलं नव्हतं. शेवटी तो थांबला. दोघं नांगराच्या दोरीला आले, हात-हात चढले आणि तीन वावांवर मिठी मारल्यासारखे लटकत राहिले. थंडीनं तिचे दात नळीवर वाजत होते. एकदा हवा अडखळली, दोन श्वास आलीच नाही, मग परत आली. वीस मिनिटं इतकी लांब असतात, हे तिला माहीत नव्हतं.

दुपारी आरोग्य केंद्रात नर्सनं त्याला प्राणवायू लावला. डावा खांदा ठणकत होता, पोटावर लाल चट्टे उठले होते, पण तो स्वतः चालत आत गेला होता. "थोडक्यात सुटलात," नर्स म्हणाली. "आता महिनाभर पाण्याचं नाव काढायचं नाही."

ती बाहेर गेल्यावर ग्लोरिफे खाटेच्या कडेला बसली. "दोंग," तिनं नेहमीची लाडाची हाक मारली, "चूक माझी आहे. चावी मी पिळली नव्हती. घाईत राहून गेलं."

त्यानं तोंडावरची नळी बाजूला केली.

"काचेवर वाफ दिसली होती मला," तो म्हणाला. "तू झटके द्यायच्या बऱ्याच आधी."

"मग?"

"काकड्या चांगल्या लागल्या होत्या. म्हटलं, घड्याळ अकरा म्हणतंय ना, मग अकराच."

ग्लोरिफेनं नळी पुन्हा त्याच्या तोंडावर नीट बसवली, पट्टा कानामागे घातला आणि उठून व्हरांड्यात गेली. तिथं कठडा धरून ती उभी राहिली. समोर शांत, निळाशार समुद्र होता. मग समुद्राकडे पाठ करून ती तिथंच जमिनीवर बसली.