कापणीच्या सणाला वाहिलेली खोली

रविवारी सकाळी सहा वाजता मी घरातली जादा खोली काढली, तिची घडी घातली आणि कापणीच्या सणासाठी चर्चमध्ये नेली.

ही खोली उन्हाळ्यात उगवली होती. मिशन कंपाउंडातलं आमचं घर दोन खोल्यांचं, एक पुढची आणि एक स्वयंपाकघर. चर्चमध्ये पेटी वाजवणारे नथानिएल भांबळ एकदा गाण्याच्या तालमीत मला म्हणाले, "बाई, तुमचा सूर लागला की बाकीच्यांचा आपोआप लागतो." त्या दिवशी घरी आले तर कपाटामागे एक दार होतं. आत खुर्ची होती आणि खिडकी. खिडकीतून पेटी ऐकू येत होती. मी बसले. उठले तेव्हा तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली होती.

भांबळ त्यानंतर मला वेगळं असं काही बोलले नाहीत. त्यांना बायको आहे, दोन मुली आहेत. खोलीची त्यांना कल्पना नव्हती.

पहिल्या आठवड्यात खोली चौकोनी होती. मग ती लांबत गेली. पलंग आला, त्यावर दोन उशा आल्या. खुंटीला लांब बाह्यांचा सदरा आला. मी रोज ठरवायचे की जायचं नाही, आणि रोज जायचे. खोली जेवढी लांबायची तेवढं घर आखडायचं. पावसाळा संपेपर्यंत स्वयंपाकघरात मला अंग चोरून उभं राहावं लागायला लागलं.

माझे पती सिलास गवंडी आहेत. भिंत सरकलेली त्यांना कळायला हवी होती. ते एवढंच म्हणाले, "हन्ना, मी जाड झालोय बहुतेक. जेवायला बसलो की कोपर भिंतीला लागतं."

"भाकरी कमी करा," मी म्हणाले.

त्यांनी एक भाकरी कमी केली.

मी पाळकसाहेबांकडे गेले. ते बागेत मिरच्यांना पाणी घालत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी झारी खाली ठेवली.

"कुलूप लावलं?"

"लावलं. कुलूप लावलेल्या दारात दुसरं दार निघालं."

"उपास केला?"

"केला. खोलीत ताट वाढून ठेवलेलं होतं."

"जेवलीस?"

"हो."

पाळकसाहेबांनी मिरचीचं एक पिवळं पान खुडलं. मग म्हणाले, "कापणीला आण. घरात जे उगवतं ते वाहायचं. पण ध्यानात ठेव, एकदा वाहिलं की त्यात तुझं पाऊल पडता कामा नये. पडलं तर बाहेर यायला दार राहत नाही."

हा नियम आमच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे. वाहिलेली वस्तू वाहणाऱ्याने वापरायची नाही. घरातल्या इतरांनी वापरली तर चालते. म्हणून दरवर्षी नवरे आपल्या बायकांच्या कोंबड्या लिलावात परत घेतात, घरची वस्तू दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून, आणि बायका त्या रश्श्याला हात लावत नाहीत. मला हे ठाऊक होतं. म्हणून मी नाव न सांगता घडी वेदीपुढे ठेवली, भोपळे आणि ज्वारीच्या कणसांच्या मागे. सिलास तेव्हा चर्चच्या मागच्या अंगणात लिलावाच्या मंडपाचे खांब रोवत होते.

उपासना सुटल्यावर लिलाव सुरू झाला. आमच्याकडे लिलावात पैसे चालत नाहीत. जो जे सोडायला तयार असेल ते बोलतो, आणि बोललेलं तिथल्या तिथे त्याच्याकडून जातं. मार्थाकाकूंनी भोपळ्यासाठी चहा सोडला आणि त्यांच्या हातातला कप रिकामा झाला. त्यांनी कपात बघितलं, तो खाली ठेवला आणि भोपळा उचलला.

बार्नबासकाकांनी माझी घडी हातावर तोलली. दरवर्षी लिलाव तेच पुकारतात.

"पांढरी घडी. आत काय आहे ते देणाऱ्याला ठाऊक. वजनाला बरी आहे. बोला."

"मिशरी सोडते," रूथबाई म्हणाल्या.

"मिशरी मघाशी कोंबडीवर घालवलीस तू."

"मग तंबाखू."

"तू कुठं खातेस तंबाखू?"

"म्हणून तर सोडते."

सगळे हसले. मग पेटीजवळून आवाज आला. "रविवारची दुपारची झोप," भांबळ म्हणाले. बोलताना ते पेटीचा भाता मिटत होते. त्यांनी घडीकडे नीट बघितलंही नव्हतं.

माझ्या मनात आलं की बोली इथेच थांबावी, घडी त्यांच्याकडे जावी. ते मनात आलेलं मला दिसलं. मी मान खाली घातली आणि क्षमा मागितली. वर बघितलं तर सिलास हात पुसत पुढे येत होते.

"ती घडी आमच्या घरची आहे," ते म्हणाले.

"कशावरून?"

"टोक आत खोचलंय. ही हॉस्पिटलात कामाला आहे, तिथल्या चादरींना अशीच घडी घालते."

"आला बघा धनी," बार्नबासकाका म्हणाले. "पण तुझ्याकडे सोडण्यासारखं आहे काय, सिलास? दारू नाही, पान नाही, साधी शिवी नाही."

"एक भाकरी होती. ती आधीच सोडली."

लोक पुन्हा हसले. सिलास हसले नाहीत. ते विचार करत होते. नवीन भिंतीला दोरी लावण्याआधी ते असेच उभे राहतात.

"विचारणं सोडतो," ते म्हणाले.

"कसलं विचारणं?"

"बायकोला काही विचारणं. कुठं होतीस, काय झालं, जेवलीस का. सगळं."

बार्नबासकाकांनी एक वार म्हटलं, दोन वार म्हटलं. भांबळांनी पेटीवर झाकण घातलं.

"तीन वार."

"नशीबवान आहेस," मार्थाकाकू माझ्या कानाशी म्हणाल्या. "आमच्यांनी सोडावं असलं काही."

सिलासनी घडी खांद्यावर घेतली. वाटेत एरवी ते विचारतात, ऊन लागतंय का. त्या दिवशी म्हणाले, "ऊन आहे."

घरी आल्यावर मी म्हणाले, "ती उघडू नका."

त्यांच्या ओठांनी 'का'चा आकार घेतला आणि ते मिटले. "वस्तू आणली की उघडायची असते," ते म्हणाले.

त्यांनी टोक सोडवलं. खोली उलगडली आणि कपाटामागे होती तिथे जाऊन बसली. आता दार सगळ्यांना दिसेल असं होतं. ती आणखी लांबली असावी, कारण आमची पुढची खोली दाराच्या चौकटीएवढी अरुंद झाली. माझे दोन्ही खांदे दोन्ही भिंतींना टेकले. सिलास आत गेले. मी उंबऱ्यावर थांबले.

त्यांनी ओळंबा सोडून बघितला. भिंतीवर हात फिरवला.

"काम सरळ आहे," ते म्हणाले. "माझ्याच्यानं असं झालं नसतं."

मग म्हणाले, "दोन उशा आहेत. एकीला खळगा पडलाय."

मग म्हणाले, "सदरा आहे. बाह्या लांब आहेत."

त्यानंतर ते थांबले. विचारायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला. मी वाट बघितली. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, आणि मग ते रागावले असते किंवा रडले असते, आणि मग जेवायची वेळ झाली असती.

मी न विचारता सांगितलं. "इथे कुणी आलेलं नाही. मी एकटीच बसायचे. मला ही नको होती म्हणून मी वाहिली."

"बरं," ते म्हणाले.

"आणि हवी होती."

"बरं."

ते बाहेर आले आणि मला आडवं वळायला लावून अंगणात गेले. विटा, घमेलं, थापी असं एकेक आत नेऊन ठेवलं. पाण्याची बादली नेली. मग दाराच्या चौकटीत दोरी बांधली.

"बुजवून टाकतो," ते म्हणाले.

"तुम्ही आतल्या बाजूला आहात."

"बाहेर कोपर हलवायला जागा नाही."

ते खरं होतं. त्यांनी पहिला थर लावला.

"मग तुम्ही बाहेर कसे येणार?"

"पलीकडच्या भिंतीतून."

"पलीकडे भिंत नाही. मी चालून बघितलंय."

"असतेच," सिलास म्हणाले. "भिंतीशिवाय वरचं छप्पर राहत नाही."

थर त्यांच्या गुडघ्यापर्यंत आला, मग कमरेपर्यंत. मी हात पुढे करून त्यांची बाही धरली. हाताला नियम नाही, फक्त पावलाला आहे. त्यांनी एका हाताने काम चालू ठेवलं. छातीपर्यंत आल्यावर म्हणाले, "चुना लागेल," आणि बाही सोडवून घेतली. त्यांच्यामागे खिडकीतून पेटी वाजत होती. जसजसे थर चढत गेले तसतसा आवाज कमी होत गेला, आणि माझ्या खांद्यांवरचा भिंतींचा दाब थोडा सैल झाला. मी श्वास घेतला. तो मला लाजिरवाणा सोपा गेला.

पाचच्या सुमाराला बार्नबासकाका उरलेल्या भाताचं पातेलं घेऊन दाराशी आले. "सिलास आहे का?" त्यांनी विचारलं. "काम चालू आहे," मी म्हणाले. ते पातेलं ठेवून गेले.

आता चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात एका विटेएवढी फट उरली आहे. आतल्या विटा संपल्या आहेत. एक वीट अंगणातून आणताना माझ्या बाजूला राहिली, ती माझ्या हातात आहे. फटीतून सिलासचा हात बाहेर आला आहे, तळवा वर, बोटांना चुना. ते वीट मागत नाहीत. तळवा स्थिर आहे.