थोरल्याची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, आणि माझ्यावर कोणी बसत नसे. हसू नका. बसायचे नाही असा नियमच होता, आणि त्या नियमामुळेच मला मान होता.

सुताराने मला जेवणाच्या टेबलासाठी घडवले. सगळ्या भावंडांत मी शेंडेफळ. माझ्यापर्यंत येईतो लाकूड कमी पडले आणि माझा एक पाय जरासा तोकडा राहिला. गिऱ्हाईक बाकीच्या खुर्च्या घेऊन गेले, मला सोडून. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? मग शेजारच्या एका शिक्षकांनी मला मागून नेले. ते पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, शाळेत शिकवत. बायबलमधल्या उताऱ्यावर मंडळीपुढे उपदेश कसा करायचा, हे शिकायला तिथे तरुण मुलेमुली येत. शिक्षकांना सगळे आजोबासर म्हणत, अगदी त्यांचे केस काळे होते तेव्हापासून.

सरांनी मला वर्गात, उपदेशाच्या उंच मेजासमोर ठेवले. त्यांची रीत अशी होती, की बोलणाऱ्याने आपल्या ओळखीचे एक माणूस माझ्यावर बसले आहे असे मनात आणायचे आणि उपदेश त्याला सांगायचा. बोलून झाले की सर विचारत, "खुर्चीत कोण होतं?"

काय सांगू, कोण कोण येऊन गेले माझ्याकडे! कुणाची आजारी आई, कुणाचा तापट मामा, कुणाचा नोकरी गेलेला शेजारी. दुपारचे ऊन खिडकीतून माझ्या वेतावर उतरायचे आणि त्या उन्हात ती माणसे हलकेच येऊन बसायची. त्यांना वजन नव्हते, सावली नव्हती. मला फक्त थोडी ऊब जाणवायची. ऊन सरकले की तीही उठून जायची. मला ते सारे स्वप्नासारखे वाटे.

काही उपदेश मात्र विचारू नका. नमनालाच घडाभर तेल, आणि उताऱ्याचा पत्ताच नाही! माझ्यावर बसलेले माणूस केव्हाच निघून गेलेले असायचे, आणि बोलणारा आपला बोलतोच आहे. सर मग शांतपणे सांगत, की उतारा आधी मोठ्याने वाच, सावकाश, शेवटपर्यंत वाच. ज्यांनी तो पहिल्यांदा ऐकला त्यांना काय वाटले असेल ते शोध, आणि मग तोंड उघड.

त्या वर्गात एक मुलगी होती. घरी तिला धाकटी म्हणत, म्हणून वर्गातही ती धाकटीच. वर्ग झाडायची पाळी आली की ती मला पुसता पुसता मनातले बोलायची. आई अंथरुणाला खिळलेली असताना धाकटी घर सोडून शिकायला आली होती. आईचे सगळे दादाने एकट्याने केले. आई गेली, आणि दादाने धाकटीशी बोलणे टाकले.

वर्षअखेरीला घरच्या माणसांना बोलावून त्यांच्यासमोर उपदेश करायचा असे. तो जमला तरच एखाद्या चर्चची मंडळी सांभाळायला मिळे. धाकटीने दादाला निरोप पाठवला होता. तिच्या वाट्याला बायबलमधली एका बापाच्या दोन मुलांची गोष्ट आली. वाटणी घेऊन गेलेला धाकटा मुलगा सगळे उधळून परत येतो, बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो आणि घरात मेजवानी होते.

सरावाच्या दिवशी तिने ती अशी सांगितली, की वर्गाने डोळे पुसले. मीसुद्धा भारावून गेले होते.

"खुर्चीत कोण होतं?" सरांनी विचारले.

"माझा दादा."

"मग त्याला काय मिळालं, पोरी? तुझी गोष्ट मेजवानीपाशी संपली. उताऱ्यातला थोरला मुलगा अजून रागावून बाहेर उभा आहे. त्याच्यापर्यंत तू गेलीच नाहीस."

धाकटीचा चेहरा उतरला. तिला माफी हवी होती, म्हणून माफीपर्यंतच तिने वाचले होते. त्यानंतर ती रोज संध्याकाळी माझ्यासमोर उभी राहून उरलेला भाग वाचू लागली. मेजवानी सोडून बाप बाहेर येतो आणि थोरल्याची समजूत घालतो, इथवर आली की ती थांबायची. पुढे काही सुचायचे नाही. मला तिची फार काळजी वाटायची.

तो दिवस आला. बाके भरली. दादा उशिरा आला आणि आत आलाच नाही. खांद्यावरची पिशवीही न उतरवता तो बाहेर अंगणात उभा राहिला. उघड्या दारातून तो मला दिसत होता, आणि धाकटीलाही.

ती बोलू लागली. धाकट्याचे तिने थोडक्यात आटोपले. थोरल्याबद्दल मात्र सावकाश सांगितले. तो रोज राबला, आणि तू दमलास का असे त्याला कोणी विचारले नाही. मग बाप बाहेर येतो तिथे ती पोचली आणि नेहमीसारखी थांबली. धाकटी खाली उतरली, तिने मला दोन्ही हातांनी धरून उचलले आणि बाकांमधून थेट अंगणात नेले. दादाशेजारी मला टेकवून ती म्हणाली,

"दादा, तू दमला असशील. मी कधी विचारलंच नाही तुला."

थोरला शेवटी आत गेला की नाही, हे त्या उताऱ्यात लिहिलेलेच नाही. त्यामुळे आता काय होणार ते मलाही ठाऊक नव्हते. दादाने पिशवी खाली ठेवली आणि तो बसला.

मित्रांनो, खरा माणूस किती जड असतो! माझा तोकडा पाय करकरला. पण मी सगळा जीव एकवटून उभी राहिले. धाकटी शेजारी पायरीवर बसली. आत कुजबूज चालली होती, की अर्ध्यावर सोडलेला उपदेश पास कसा करायचा? सर दारापर्यंत आले, त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि आपला नेहमीचा प्रश्न न विचारताच ते परत फिरले.

धाकटीला मंडळी मिळाली. सरांनी मलाही तिच्याबरोबर पाठवले. आता मी तिच्या चर्चच्या दाराशी असते आणि माझ्यावर कोणीही बसते. दादाने माझ्या तोकड्या पायाखाली लाकडाची चकती ठोकून दिली आहे. मधल्या काळात वेत सैल झाला होता, तोही त्यानेच विणून घेतला.

तेव्हा मित्रांनो, जुनी खुर्ची अडगळीत टाकू नका. तिची थोडी डागडुजी करा. आणि कोणी रागावून तुमच्या दाराबाहेर उभे राहिले, तर आतून हाका मारत बसू नका. खुर्ची उचला आणि बाहेर न्या. आम्ही दिसतो तेवढ्या जड नसतो.