अळणी धरलेलं घर

भैरूचे जुलाब तिसऱ्या दिवशीही थांबेनात, तेव्हा माझ्या सासूबाईंनी, सगुणाबाईंनी, दोन गोष्टी ठरवल्या. एक, पोराचं पाणी आणि माझं अंगावरचं दूध बंद. वरून दिलं की खालून जातं, असा त्यांचा हिशोब. दुसरं, पोर बरं होईस्तोवर घरातल्या बायकांनी अळणी खायचं, मिठाचा कण जिभेला लावायचा नाही. तसं त्या बिरोबाला बोलूनही आल्या. मला कोण विचारतो? त्यांना आडवं जाणारा माणूस केंदुरात अजून जन्मायचा होता.

माझा नवरा मल्हारी दौंडला रेल्वेत गँगमन. तो उगवणार रविवारी, आणि आज होता मंगळवार. पोर नऊ महिन्यांचं. टाळू खोल गेलेली. रडायला तोंड उघडायचं, पण डोळ्यांत टिपूस नाही. माझं डोकं फिरलं होतं.

त्या दिवशी सरकारी नर्स रंभाबाई पोरांना लस टोचायला गावात आल्या. मी पदर खोचून त्यांना घरी घेऊन आले. त्यांनी भैरूच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"पाणी कुणी तोडलं ह्याचं?"

सासूबाई भिंतीकडं बघत होत्या.

"जुलाब न्हाई मारत, अंगातलं पाणी आटलं की पोर जातं," रंभाबाई म्हणाल्या. "अंगावर पाजत ऱ्हा. ह्या गडूत अर्धा लिटर मावतंय. पाणी उकळून गार करायचं. मूठभर साखर, तीन बोटांची चिमूट मीठ. पर आधी सोता चाखायचं. आसवापरीस खारट लागलं तर ओतून द्यायचं. चमच्या-चमच्यानं पाजा. दिवस मावळंस्तोवर मुतला न्हाई, तर मिळंल त्या गाडीनं शिरूरचा दवाखाना गाठा."

त्यांना पुढच्या वाडीवर जायचं होतं. त्या गेल्या.

मी पाणी उकळलं, गार केलं, साखर टाकली. घरात होतं खडेमीठ. तीन बोटांत नीट बसेना, म्हणून वर आणखी दोन खडे टाकले. पोर हातचं चाललेलं, तिथं मिठाची काटकसर कशाला? आणि चाखलं नाही. अळणी धरलेली बाई मीठ कसं चाखणार? भैरूनं दोन चमचे घेतले, तोंड वेडंवाकडं केलं आणि सगळं ओकून टाकलं.

"बघ," सासूबाई म्हणाल्या. "पोटात पाणी ठरंना, आन् तू पाज अजून."

पुन्हा चमचा लावला, तर त्यानं ओठ घट्ट मिटले. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी चमचा माझ्याच तोंडात घातला. मिठाचा नुसता आगर!

"अंजे, देवाला बोललोय आपण!" सासूबाई ओरडल्या. "पोराला काय झालं तर तुझ्या माथी."

"माझ्याच माथी असू द्या, आत्याबाई," मी म्हणाले आणि गडू मोरीत पालथा केला.

बोलून गेले खरी, पण देव खरंच कोपला तर? खडा पाट्यावर वाटला, नवं पाणी केलं, पुन्हा चाखलं. या वेळी जेमतेम चव होती. चमचा, थांब. चमचा, थांब. मधून अंगावर पाजलं. दुपार कलली. मी शंभरदा लंगोट चाचपला असेल. कोरडाच. शिरूरच्या गाडीसाठी शेजारी सांगून ठेवलं. उन्हं भिंतीवर चढली, तरी कोरडाच.

आणि दिवे लागायच्या आत माझी मांडी ऊन झाली. मी ओरडलेच, "मुतला! आत्याबाई, मुतला!" हसू आणि रडू एकदमच आलं.

सासूबाई जवळ आल्या. ओल्या लुगड्याला हात लावून बघितलं. आता माझा उद्धार होणार म्हणून मी उत्तर तयारच ठेवलं होतं. त्या माझ्याशेजारी खाली बसल्या.

"मल्हारीच्या आधी दोन लेकरं हुती मला," त्या म्हणाल्या. "दोघांचं म्या पाणी तोडलं हुतं. धाकटी तांब्याकडं हात करायची गं. म्या तांब्या उचलून फळीवर ठिवला."

मी भैरूला त्यांच्या मांडीवर दिलं आणि चमचा त्यांच्या हातात ठेवला.