उरलेला दोर

संस्कृतीने झोळीच्या दोराचं टोक मुठीत धरलं आणि कात्रीने वीतभर तुकडा कापला.

"अगं, चांगला दोर कशाला कापतीस?" सासूबाईंनी, दगडाबाईंनी विचारलं. नातू त्यांच्या मांडीवर होता.

"तपासून आणते, आत्या."

"थोरल्याची दोन पोरं ह्याच दोरावर निजली की. सांगोल्यास्नं मुद्दाम आणलाय."

संस्कृतीने तुकडा पर्समध्ये टाकला.

ती कामाला होती त्या प्रयोगशाळेत पाण्याच्या टाक्यांना बळकटी देणारे काचेचे तंतू ओढून तोडत. एकाच रिळातला एक तंतू लगेच तुटे, दुसरा त्याच्या दुप्पट ताण घेई. अहवालात सरासरी जाई. आज जेवणाच्या सुट्टीत तिने दोराचे धागे सुटे केले आणि यंत्राच्या चिमट्यांत एकेक अडकवला. बहुतेक चांगले निघाले. एक मात्र यंत्र सुरू होताच गेला.

"सरासरी उत्तम आहे," खालिदसर आकडे पाहून म्हणाले.

"पण घरी उरलाय, त्याचं काय सर?"

"तो तोडल्याशिवाय कसं कळणार?" ते हसले. "आणि लांबी जास्त, तर कुठेतरी कच्ची जागा असायची शक्यताही जास्त."

ती घरी आली तेव्हा बाळ चटईवर पाय झाडत होतं आणि झोळीत दगडाबाई बसल्या होत्या, पाय जमिनीवरून उचलून.

"बघ, मला पेललं. ह्यो तर मुठीएवढा."

संस्कृती दोराकडे बघत राहिली. एवढं वजन घेऊन तुटला नाही, म्हणजे पक्का. की एवढं वजन घेतलं म्हणूनच आतला एखादा धागा आता गेला असेल? दोन्ही खरं वाटत होतं. पुन्हा एकदा बसा म्हणायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

"तुजं मशीन काय म्हनलं?"

"चांगला आहे म्हणालं."

"मग?"

दगडाबाईंनी बाळाला झोळीत घातलं. संस्कृतीने गोधडी आणून घडी घातली आणि झोळीखाली सारली. मग दुसरी आणली.

"लई शिकलीस बाई तू," दगडाबाई म्हणाल्या आणि झोका देत राहिल्या.

बाळ निजलं. संस्कृती चहा टाकायला आत गेली. कप घेऊन परत आली तेव्हा गोधड्यांवर दगडाबाईंची उशी होती. दगडाबाई भिंतीकडे बघत झोका देत होत्या, अगदी हळू.