अर्ध्या दाढीचा सामना

मी एक जुनी खुर्ची आहे, केशकर्तनालयातली. मित्रांनो, नाक मुरडू नका. तुमच्यासारख्या कितीतरी जणांनी माझ्या दोन हातांवर टाकलेल्या फळीवर बसून भोकाड पसरलं आहे, आणि कापून झाल्यावर आरशात बघून फुरंगटून आईच्या कुशीत तोंड लपवलं आहे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पहिल्यांदा केस कापून घ्यायला कुणाला आवडतं?

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एकाने माझे लोखंडी पाय जोडले, दुसऱ्याने पाठीत काथ्या ठासून भरला, तिसऱ्याने वरून मेंदीच्या रंगाचं रेक्झिन ताणून खिळे मारले. मारताना तो खिळे तोंडातच धरायचा, त्यामुळे त्याचं गाणं नाकातून यायचं. पहिलं गाणं मी ऐकलं ते असं.

मग मी या दुकानात आले. दुकान लहानसं. दोन आरसे, एक बाकडं, कोपऱ्यात पाण्याची बादली आणि आरशाच्या वर फळीवर टीव्ही. माझा मालक तेव्हा नुकताच वडिलांच्या हाताखालून सुटून स्वतंत्र झाला होता. रोज सकाळी ओल्या फडक्याने तो मला पुसायचा, अगदी पाय ठेवायच्या पट्टीखालूनसुद्धा. गिऱ्हाइकं बसली की म्हणायची, "वा! राजासारखं वाटतं की रे!" मी फुलून जायची.

आमच्या दुकानात केसांपेक्षा क्रिकेट जास्त चालायचं. त्यातही बाहेरचा संघ दौऱ्यावर आला आणि मर्यादित षटकांचे सामने सुरू झाले की बाकड्यावर तीळ ठेवायला जागा नसायची. घरं रंगवणारा रंगारी यायचा, हाताला चुना तसाच. शेजारचा औषधवाला दुकान नोकरावर टाकून यायचा. तिसरा एक होता, त्याला सगळे आकडेशास्त्री म्हणायचे, कारण कुणाची सरासरी किती हे त्याला स्वतःच्या मुलांच्या वयापेक्षा पक्कं ठाऊक असायचं.

त्या वर्षीच्या पाहुण्यांबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं होतं.

"कसोटीत असतील भारी, पण पन्नास षटकांत यांचा दम निघतो," रंगारी म्हणायचा.

"दम कशाला काढतोस? आधी त्यांच्या डावखुऱ्याचा चेंडू कुठे पडतो ते तरी कळतंय का आपल्याला?" औषधवाला म्हणायचा.

"आकडे सांगू का?" आकडेशास्त्री विचारायचा.

"नको!" सगळे एका सुरात.

आणि या सगळ्यांची एक रीत होती. तिला ते 'जागा धरणं' म्हणत. आपल्या फलंदाजांची जोडी जमली की दुकानातल्या कुणीही जागचं हलायचं नाही. जो उभा तो उभा, जो बसला तो बसला. हललात की जोडी फुटली! एकदा रंगारी एक पाय चपलेत आणि एक पाय बाहेर ठेवून अर्धा डाव तसाच उभा होता. मालकसुद्धा हातातली कात्री हवेत धरायचा. लोक हसायचे आणि पाळायचेही. मलाही गंमत वाटायची, कारण तेवढा वेळ माझ्यावर बसलेला माणूस जगातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस असायचा.

मालिकेतला तो तिसरा सामना. दुपारी काका आले. काका म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले, आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. माझ्यावर बसताना ते नेहमी आधी हाताने मला थोपटायचे. त्या दिवशी मात्र ते न थोपटताच बसले.

"आज जरा मन लावून कर रे बाबा," ते मालकाला म्हणाले. "तुझ्या काकूला भेटायला जायचंय. उद्या सकाळी ऑपरेशन आहे तिचं. चार ते सहा भेटायची वेळ. गबाळा गेलो तर ऐकवेल मला."

"करतो ना काका. जाताना नवरदेव दिसाल," मालक म्हणाला आणि फेस लावला.

एक गाल झाला. दुसऱ्या गालाला वस्तरा लावणार, तेवढ्यात आपला चौथा गडी बाद झाला. बाकड्यावर हळहळ पसरली. नवा फलंदाज आला, त्याने पहिल्याच चेंडूवर चौकार मारला, मग दुसरा, आणि जोडी जमली. रंगारी ओरडला, "कुणी हलू नका!"

मालकाचा वस्तरा थांबला.

पहिली काही षटकं काकाही रंगून गेले. क्रिकेटचं वेड त्यांनाही कमी नव्हतं. पण मग त्यांची नजर टीव्हीवरून घड्याळाकडे जायला लागली.

"अरे, उरकतोस का? मला उशीर होतोय."

"काका, तुम्ही उठलात आणि विकेट पडली तर?" औषधवाला म्हणाला. "सगळा गाव तुमच्या नावानं खडे फोडेल."

"काकू काय, जिंकल्यावर जास्त खूश होतील!" रंगारी म्हणाला. सगळे हसले. काकाही हसले. त्यांचा स्वभावच भिडस्त.

मालक मात्र हसला नाही. त्याला सगळं ठाऊक होतं. वस्तरा त्याच्याच हातात होता. "एवढं षटक होऊ दे काका," तो हळूच म्हणाला. ते षटक झालं, पुढचंही झालं, आणि प्रत्येक वेळी तो तेच म्हणाला.

मित्रांनो, टीव्हीकडे बघणाऱ्यांना जे दिसलं नाही ते मला कळत होतं, कारण काकांची बोटं माझ्या हातांवर होती. पाहुण्यांचा गोलंदाज धावत यायला लागला की ती बोटं घट्ट आवळायची. एकदा झेल उंच उडाला. दुकानाने श्वास रोखला. पाहुण्यांच्या खेळाडूच्या हातून तो सुटला आणि सगळे आनंदाने नाचले, जागच्या जागी. काकांची बोटं मात्र गळून पडली. आपलाच गडी बाद व्हावा म्हणून तो जुना क्रिकेटवेडा मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसला होता, आणि तसं वाटल्याबद्दल त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

गडी बाद झालाच नाही. आपण जिंकलो. रंगाऱ्याने आकडेशास्त्र्याला उचलून घेतलं. मालकाने घाईघाईत दुसरा गाल उरकला, हनुवटीला कापलं. काका रुमाल दाबूनच रस्त्यावर धावले. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला होता.

पुढच्या आठवड्यात ते आले तेव्हा दुकानात फक्त मालक होता.

"काकू कशा आहेत?" त्याने विचारलं.

"बरी आहे. निभावलं." काकांनी आरशात बघत हनुवटीवरच्या खुणेला बोट लावलं. "दार बंद झालं होतं रे. रखवालदाराच्या पाया पडायचा बाकी होतो. सकाळी लवकर गेलो, तर तिला आत नेलंसुद्धा होतं. नर्स सांगत होती, चष्मा काढून घेतला होता ना, मग जो कोणी जवळून जाईल त्याला विचारत होती, तुम्ही आलात का?"

मालकाच्या हातातला ब्रश वाटीतच फिरत राहिला.

"शुद्धीवर आल्यावर मला बघून काय म्हणाली माहीत आहे? दाढी छान झालीय म्हणाली." काकांनी डोळे मिटले. "कर, उरक."

त्या दिवसापासून मालकाची एक नवी सवय मी पाहिली. सकाळी मला पुसून झालं की तो समोर उभा राहायचा आणि माझ्या रिकाम्या बैठकीकडे बघून पुटपुटायचा, "काकू, माझं चुकलं." मग मान हलवायचा. "काकू, त्या दिवशी मी..." तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक यायचं.

दौऱ्याच्या शेवटी वीस-वीस षटकांचे सामने होते. बाकडं पुन्हा भरलं होतं. दारात काकूच उभ्या राहिल्या, मागे काका. पुरुषांच्या दुकानात बाई आलेली बघून रंगारी उगाचच शर्टाची बटणं लावायला लागला.

"पार्लर दोन जिने वर आहे, मला चढवत नाही," काकू म्हणाल्या. "हा हात वर जात नाही, वेणी घालता येत नाही. हे घालतात, पण ती दारापर्यंत जाईतो सुटते. मानेपर्यंत कापून टाक."

त्या बसल्या. किती हलक्या होत्या! मालकाने वेणी हातात धरली. कात्री दोनदा उघडली, दोनदा मिटली.

काकू टीव्हीकडे बघत म्हणाल्या, "या पाहुण्यांना वीस षटकांची घाई मानवत नाही. पन्नासात कसे जमून खेळत होते."

पन्नासाचं नाव निघताच औषधवाला नखं बघू लागला.

केस कापून झाले तेव्हा आपली जोडी चांगलीच जमली होती. जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या. मालकाने मानेवरचे केस झटकले, कापड काढलं.

"उठू?" काकूंनी विचारलं. "बघा हं. जोडी जमलीय."

"उठा काकू," रंगारीच आधी म्हणाला. "सावकाश उठा."

काकू उठल्या. पुढच्याच चेंडूवर मधली यष्टी उडाली.

आकडेशास्त्र्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

"गेला ना! उगाच पुढे येऊन मारायला गेला," काकू म्हणाल्या.

मालकाने धीर केला. "काकू, त्या दिवशी काकांना मीच..."

"माहीत आहे मला. त्या दिवशी शेजारच्या खाटेवर कुणाच्या तरी मोबाइलवर सामना लागला होता. मी कान देऊन होते. म्हटलं, हे तिथेच अडकले असतील. जिंकले की येतील."

"आणि मग?"

"मग जिंकले," काकू म्हणाल्या. एवढंच. मग काकांचा हात धरून पायरी उतरल्या.

त्यालाही आता खूप वर्षं झाली. दुकानात गरगर फिरणाऱ्या नव्या खुर्च्या आल्या. मी मागच्या खोलीत आहे. माझं रेक्झिन फाटलंय, काथ्या बाहेर आलाय, आणि माझ्यावर टॉवेलांचा ढीग असतो. कुणी टाके घालून मला शिवलं तर बरं वाटेल, नाही असं नाही.

पण मित्रांनो, माझं मागणं दुसरंच आहे. सामने बघा, घसा बसेपर्यंत ओरडा, पाहुणे चांगले खेळले तर त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवा. फक्त शेजारी बसलेल्या माणसाने "मला जायचंय" म्हटलं, तर हसून त्याला बसवू नका. तो भिडेपोटी बसेल. तुम्ही जिंकाल. आणि कुठेतरी कुणीतरी चष्म्याशिवाय, जवळून जाणाऱ्या प्रत्येकाला, तो आला का म्हणून विचारत राहील.