कुंपणाबाहेरची माती

लिंबाजी मास्तरांनी शाळेत एक दिवसही शिकवलं नाही, तरी बेंबळीच्या अलीकडच्या त्या ख्रिस्ती वस्तीत ते मास्तरच. पोरांना प्रार्थना शिकवायच्या, लग्नाच्या जोडप्यांची तयारी करून घ्यायची, आणि मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, करायला फादर महिन्यातून एकदाच मोटारसायकलवर येत असल्यानं बाकीच्या रविवारी पत्र्याच्या देवळात शुभवर्तमान वाचायचं, हे सगळं त्यांच्याकडं. वीस-पंचवीस घरांत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. माणसाला सगळं ठाऊक असलं की मोठी पंचाईत होते, ती मास्तरांची झाली. पण कळायला बावीस वर्षं लागली.

उपवासकाळातला रविवार होता. नवे फादर घरदार उधळून परत आलेल्या मुलाची गोष्ट सांगत होते. पोरगं लांब असतानाच बाप कसा धावत गेला, हे सांगता सांगता ते सहज म्हणाले, "काही जण स्वतःचा जीव देतात. त्यांच्यासाठीसुद्धा आपण मिस्सा करतो, त्यांना आपल्याच मातीत ठेवतो. शेवटच्या घडीला देवानं त्यांच्यासाठी कोणती वाट काढली असेल, ते आपल्याला काय ठाऊक? पूर्वी नियम कडक होता. तो बदलून चाळीस वर्षं झाली."

मास्तरांच्या हातातली गाण्यांची वही खाली पडली. ती उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

गिरिजाबाई विधवा, आणि कुलदीप तिचा एकुलता एक. मास्तरांच्याच हाताखाली वाचायला शिकला, रविवारी पहिलं वाचन तोच करायचा. बावीस वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांचा असताना त्यानं आपल्या हातानं जीव दिला. का, ते कुणालाच कळलं नाही. तेव्हाचे फादर परगावी होते, फोन लागत नव्हता, आणि वैशाखात मयत किती वेळ ठेवणार? सगळ्यांनी मास्तरांच्या तोंडाकडं पाहिलं.

मास्तरांनी तरुणपणी मिशनमध्ये घोकलं होतं: जीव देणाऱ्याला मिस्सा नाही, पवित्र माती नाही, क्रूस नाही. घोकलेलं विसरायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी स्मशानाच्या तारेच्या कुंपणाबाहेर, गायरानात खड्डा काढायला लावला. गिरिजाबाईनं त्यांचे पाय धरले, एक प्रार्थना तरी म्हणा म्हणाली. तेव्हा मास्तर जे बोलले ते बोलायची त्यांच्यावर कुणी सक्ती केली नव्हती.

"आता उपयोग न्हाय, बाई. तो जिथं गेला तिथवर प्रार्थना पोचत न्हाय."

फादर परतल्यावर मास्तरांनी एवढंच कळवलं, की पोराला माती दिली. त्यांनी खोदून विचारलं नाही, यांनी उलगडून सांगितलं नाही. त्या दिवसापासून गिरिजाबाईनं देवळाची पायरी चढली नाही. रागावली आहे, असं वस्ती म्हणाली. मास्तरांनाही तसंच वाटलं आणि ते वाटून घेणं त्यांना सोयीचंही होतं.

मिस्सा संपल्यावर मास्तर पडद्यामागं कबुलीला बसले. दर महिन्याला बसायचे ते. कुणावर चिडलो, प्रार्थनेत लक्ष नव्हतं, असली किरकोळ पापं सांगून उठायचे. आज त्यांनी कुलदीपचं सगळं सांगितलं.

 फादर म्हणाले, "देव क्षमा करतो, मास्तर. पण त्या आईकडं जा. आणि कुंपण सरकवून तिच्या लेकाला आत घ्या. हेच तुमचं प्रायश्चित्त." गिरिजाबाई दिवाळीपासून अंथरुणाला खिळली होती, धाराशिवच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं, हे फादरांना ठाऊक होतं. "तिनं हो म्हटलं तर मी तिची कबुली ऐकून आजाऱ्याचं पवित्र तेल लावायला येतो. संध्याकाळपर्यंत इथंच आहे."

बैल गेला अन् झोपा केला, असं मनाशी म्हणत मास्तर भर उन्हात निघाले. तरी त्यांच्या पायात थोडी उभारी होती. माफी मागायची, खांब उपटायचे, तार ओढायची. शहात्तराव्या वर्षीही एवढं जमेल असं त्यांना वाटत होतं.

गिरिजाबाईची भाची दीपमाला तिचं सगळं करायची. तिनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती दाराशी उभी राहिली. गिरिजाबाई खाटेवर वाकळ घेऊन पडली होती, एवढ्या उकाड्यात. मास्तर प्रार्थनेचं पुस्तक हातात घेऊन जमिनीवर बसले. आजवर ते तिच्या घरात खाली बसले नव्हते.

"गिरिजाबाई, म्या चुकलो," ते म्हणाले, आणि फादर बोलले ते सगळं त्यांनी सांगितलं.

"नियम बदलून चाळीस वरसं झाली म्हणता?"

"व्हय."

"म्हंजी कुलदीप गेला तवा बदललेलाच व्हता."

"व्हय. मला कुणी सांगितलं न्हाय. म्या बी कुणाला इचारलं न्हाय."

 ती आढ्याकडं बघत सावकाश बोलू लागली. "तुमाला वाटलं, म्या रागानं देवळात येत न्हाय. राग व्हताच. पर तुमी म्हणला, तो तिकडं, नरकात गेला. मंग म्या इचार केला, आपुन कबुली दिली, तर देव माफ करंल अन् मला वर घिऊन जाईल. पोराकडं कोण बघंल? तो अंधाराला भ्यायचा, मास्तर. दहावीला गेला तरी कंदील इझवू द्यायचा न्हाय. म्हणून बावीस वरसं म्या देवाचं नाव घेतलं न्हाय. चुकून आलं तर जीभ चावली."

 आपण एका मुलाला बाहेर ठेवलं, एवढंच पाप घेऊन मास्तर आले होते.

"आता तसं न्हाय, बाई," ते काकुळतीला आले. "तो देवापाशी असंल. फादर देवळात बसल्यात. तुमी फकस्त व्हय म्हणा."

"तवा बी तुमच्या हातात हेच पुस्तक व्हतं."

"माझं ऐकू नका. फादरचं ऐका."

"फादर बदलत्यात. हे गेले की दुसरे येतील, ते आनिक काय सांगतील. हे खरं असंल अन् म्या न्हाय म्हणलं, तर चुकंल माझं. पर हे खोटं असलं, तर पोरगं एकटं पडंल."

 पन्नास वर्षं पोरांना प्रश्नोत्तरं पाठ करायला लावणाऱ्या माणसाला एक ओळ आठवली नाही. शेवटी त्यांनी दुसरी गोष्ट काढली. कुंपण सरकवायचं आहे, क्रूस लावायचा आहे. जागा नेमकी कुठं?

गिरिजाबाई पहिल्यांदा त्यांच्याकडं वळली. "तुमी त्या अंगाला कदी गेलाच न्हाय व्हय? पवनचक्कीच्या गाड्यांसाठी रस्ता काढला तवा जेसीबीनं समदं सपाट केलं. कुंपणाच्या आतला एक दगूड हलला न्हाय. तितं क्रूस दिसत व्हते. बाहिर दिसायला काय व्हतं? चालता येत व्हतं तवर म्या रोज हिंडले. घावत न्हाय. आत असता तर ऱ्हायला असता."

दाराशी दीपमाला रडत होती. मास्तरांनी हात जोडले, पण गिरिजाबाईनं तिकडं पाहिलं नाही.

"माफी माझ्याजवळ न्हाय, मास्तर. देवाकडं असंल तर तुमी घ्या. मला बी बाहिरच ठिवा. कुटं बी ठिवा." आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.

फादर संध्याकाळी आलेच. तेलाची डबी काढून त्यांनी नुसतं विचारलं, तशी तिनं पदर तोंडावरून ओढून घेतला. ते जबरदस्ती करणारे नव्हते. अंधार पडेपर्यंत खाटेशेजारी बसून राहिले आणि गेले. बुधवारी पहाटे गिरिजाबाई गेली.

दीपमालानं मावशीचा शब्द सोडला नाही. फादर म्हणाले, ठीक आहे, मातीला आपण आशीर्वाद देऊ. कुंपणाबाहेर, नव्या रस्त्याच्या कडेला खड्डा काढला. पहिली कुदळ मास्तरांनी मारली. खाली काय लागेल या भीतीनं ते दर घावाला थांबून बघत होते. काही लागलं नाही. मुरूम तेवढा निघाला.

गिरिजाबाईला माती देऊन झाल्यावर फादरांनी पुस्तक मास्तरांच्या हातात दिलं. "कुलदीपची राहिली आहे. तुम्ही म्हणा."

मास्तरांनी पान काढलं. ही प्रार्थना कबरीकडं तोंड करून म्हणतात. ते रस्त्याकडं वळले, मग बांधाकडं, मग परत कुंपणाकडं. त्यांच्यासोबत लोकही वळत होते. पवनचक्कीचं लांबलचक पातं घेऊन एक ट्रेलर आला, तशी सगळी मंडळी कडेला सरली.

धूळ खाली बसली तेव्हा मास्तर पुस्तक उघडं धरून तसेच उभे होते.

"कुटं बी बघून म्हणा, मास्तर," दीपमाला म्हणाली. त्यांनी तोंड उघडलं, पण कुठं बघावं ते त्यांना कळेना.