शाकाहारी चिरूट

त्या सोमवारी संध्याकाळी दौलत भोईरला मिळण्याजोगं पुष्कळ होतं. वडप्याला हायवेच्या कडेचा केसरीनाथशेठचा गोदामाचा मोठा गाळा भाड्याने गेला, तर दलाली दोन्ही बाजूंनी. मालकाकडूनही आणि कंपनीकडूनही. मागच्या बाजूला आणखी दोन गाळ्यांवर पत्रे चढत होते, त्यांच्या किल्ल्याही मग दुसऱ्या कुठल्या खिशात गेल्या नसत्या. आणि सगळ्यात मोठी मिळकत म्हणजे केसरीनाथशेठ त्याला चारचौघांत 'दौल्या' म्हणायचा थांबला असता. जाण्याजोगं काय होतं? दौलतने बोटांवर मोजून पाहिलं, काही सापडलं नाही. दलाल माणूस जमेची बाजू नेहमी दोनदा तपासतो. खर्चाची बाजू त्याला कोणीतरी दुसऱ्याने दाखवावी लागते.

अडचण एकच होती, ती म्हणजे श्रावण. भिवंडीच्या गोदामांचे व्यवहार ऑफिसात ठरत असतील असं ज्याला वाटतं त्याने खुशाल वाटून घ्यावं. ते ठरतात ढाब्यावर, बाटली अर्धी झाल्यावर आणि पापलेटचा काटा दाताखालून काढता काढता. पण गटारी झाली की वळ-वडप्याच्या पट्ट्यातले भले भले जमीनमालक एका रात्रीत साधू होतात. बाटल्या कपाटात जातात, सुक्या मासळीचे डबे झाकणाला फडकं आवळून माळ्यावर चढतात, आणि महिनाभर त्या डब्यांना कोणी बोट लावत नाही. केसरीनाथशेठचा श्रावण तर यंदा दुप्पट कडक होता. होळीपासून गाळा रिकामा पडलेला. गाळ्याला भाडेकरू लागू दे, मी श्रावण निर्मळ पाळीन, असा त्याने महादेवाला शब्द दिला होता. महादेवाला दलाली द्यावी लागत नाही, हे त्याने हिशेबात धरलंच असणार.

तर दारू नाही, मासळी नाही, आणि कंपनीचा साहेब तर श्रावणातच येणार. तेव्हा दौलतच्या डोक्यात सिगार आला.

"शेठ, हा निव्वळ पाला हाय," त्याने केसरीनाथला समजावलं होतं. "प्युअर व्हेज. उपासाला तपकीर चालते का न्हाय? तुमची आय मिश्री लावते का न्हाय? मग? आणि मोठी माणसं आता हेच वढतात. ढाबा जुना झाला."

शेवटच्या वाक्याने काम केलं. ढाबा जुना झाला म्हटल्यावर केसरीनाथ तिथे बसेल कसा?

दौलतने मुंबईहून डॉमिनिकन सिगारचा डबा आणला. भारीतला, पण मध्यम कडक. फार कडक दिला तर शेठला चक्कर येईल, फार सौम्य दिला तर वाटेल दौल्याने स्वस्तातला आणला. मग त्याने मोबाईलवर व्हिडिओ लावून चव कशी घ्यायची ते पाठ केलं. पहिल्या भागात देवदाराचं लाकूड आणि साय, मधल्या भागात कॉफी आणि कोको, शेवटी काळी मिरी आणि चामडं. आरती म्हणावी तसं तो हे घडाघडा म्हणायचा. चव स्वतः घेण्याचा प्रश्न नव्हता. वीस वर्षं तंबाखू-चुन्याची गोळी दाबून त्याच्या जिभेचा जुना आग्रा रोड झाला होता. तिच्यावरून काय गेलं याचा तिला पत्ता लागत नसे.

फक्त एक गोष्ट त्याने व्हिडिओत नीट ऐकली नाही. सिगारला थोडी ओल लागते. तो कोरडा पडू द्यायचा नसतो. दौलतने आपल्या पट्ट्यातल्या पावसाळ्याच्या अकलेने डबा देताना उलटंच बजावलं, "शेठ, वाट्टेल ते करा, पण ओल लागू देऊ नका. अगदी कोरड्यात ठेवा." पावसाळ्यात इथे बिड्या मऊ पडतात, काडेपेट्या मऊ पडतात, पापडही लोळागोळा होतो. ओल लागू देऊ नका हे सांगायला कुणी शिकलेला माणूस लागत नाही, आणि तेच त्याचं दुर्दैव.

सोमवारी संध्याकाळी केसरीनाथच्या वळ गावातल्या बंगल्याच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली, तीन खुर्च्या मांडल्या होत्या. केसरीनाथ पांढऱ्या झब्ब्यात, कपाळावर भस्म, दिवसभर साबुदाण्यावर. सोमवार अजून सुटायचा होता. साहेब आला तो सुभाष रांगणेकर, पवईहून, कंपनीच्या गोदामांचा सगळा कारभार पाहणारा. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ.

"ओह, सिगार! नाइस," सुभाष म्हणाला. "मीडियम बॉडी ना? मी फुल घेत नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं."

बोलला फर्डं, पण सिगार घेतला तो उलट्या टोकाने तोंडाशी नेला, मग शेजारी बघून हळूच फिरवला. दौलतच्या नजरेतून ते सुटलं नाही. याला काही कळत नाही, हे त्याने मनात जमेला लिहिलं. काही न कळणारा माणूस कौतुक जोरात करतो.

कातर दौलत घरीच विसरला होता, म्हणून केसरीनाथने आईचा अडकित्ता मागवला आणि सुपारी फोडावी तशी सिगारची टोकं उडवली. वरचं पान कडकड वाजून तडकलं. चांगल्या सिगारचं पान असं वाजत नाही. दाबलं तर तो जरा दबून पुन्हा वर येतो. पण हे सांगणारं गच्चीवर कोण होतं?

"क्रिस्प आहे," सुभाष म्हणाला.

"एकदम कडक माल, साहेब," दौलत म्हणाला. "धूर छातीत न्यायचा नाही. तोंडात घोळवायचा. बघा, आधी देवदार लागेल. आणि साय."

तिघांनी पेटवले. हायवेवर ट्रेलर घरघरत होते, खाली मोरीशी कोणीतरी भांडी घासत होतं. केसरीनाथने डोळे मिटून पहिला झुरका तोंडात घोळवला, आणि त्याचे डोळे उघडले ते बकरीसारखे मोठे होऊन. त्याने दुसरा झुरका घेतला, मग तिसरा, घाईघाईने, जणू कोणी हातातून काढून घेणार होतं.

त्याचं असं झालं होतं की श्रावण लागल्यापासून त्याला सगळीकडे मासळीचाच वास यायचा. परवा देवळात बेलाच्या पानाला आला होता. गुरुजींच्या उपरण्यालाही आला होता. तेव्हा सिगारमधून बोंबील घमघमला, तर दोष आपल्या पापी मनाचा, असं समजून तो गप्प बसला. आणि गप्प बसून ओढत राहिला. पाप मनातलंच असेल तर त्याला बाहेर ओढायला काय हरकत?

सुभाषने मात्र नाक चार वेळा फुलवलं. "इंटरेस्टिंग," तो म्हणाला. "देवदार आहेच... पण त्यामागे काहीतरी... समुद्र आहे. हो ना? सॉल्टी. एक कोस्टल कॅरॅक्टर आहे याला."

"बरोब्बर पकडलंत साहेब!" दौलत खुर्चीच्या टोकावर आला. "बेटावरची शेती ना! चारी बाजूंनी समुद्र. खारा वारा थेट पानावर. दर्दी असल्याशिवाय न्हाय कळत हे."

"मी ऑइस्टर म्हणणार होतो," सुभाष म्हणाला. कौतुकाने तो जरा फुगला होता. "खूप कमी सिगारमध्ये मिळतं हे."

"फार कमी, साहेब."

हे म्हणता म्हणता दौलतच्या नाकातून धूर बाहेर पडला. जीभ मेली होती, पण नाक जिवंत होतं. आणि ते नाक वळमध्ये जन्मलेलं होतं, सुक्या बोंबलाच्या धुरीत वाढलेलं. कॉफी नाही, कोको नाही. चुलीच्या निखाऱ्यावर सुका बोंबील भाजताना जो खमंग, खारट, डोळ्यांत चढणारा वास येतो, तोच. त्याने धूर पुन्हा घोळवला. शंका उरली नाही. शेठ, सोमवारी, भस्म लावून, बोंबील ओढत होता.

दौलतने तिथे एक क्षण थांबून हिशेब केला, तो सांगून टाकलेला बरा. आता बोललो, तर शेठ फार तर चूळ भरेल, देवापुढे नाक घासेल आणि रागावेल. साहेब ओशाळेल, आणि ओशाळलेला साहेब सही करत नाही. न बोललो, तर अर्ध्या तासात सही. वासाला काय पुरावा? आणि धुराला काटा असतो का? तो खाकरला.

"आता मधला भाग, शेठ. कॉफी लागली का?"

"लागली," केसरीनाथ म्हणाला. त्याने दुसरा सिगार हातात घेतला. पहिला बोट भाजेपर्यंत संपला होता.

सुभाषने ब्रीफकेसमधून कागद काढले. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं, गाळ्याला चढाचा रॅम्प मालकाने करून द्यायचा हेही ठरलं. केसरीनाथ हो हो म्हणत होता. इतक्या गोडीने त्याने आजवर कुठल्या भाडेकरूला हो म्हटलं नव्हतं. पेन उघडलं, आणि जिन्यात काठी वाजली.

ठकुबाई वर आली. केसरीनाथची आई, नऊवारी, दातांना मिश्री, गुडघे गेलेले पण कान नाही.

"केसऱ्या, ऱ्हायलेले चिरूट मना दे, परत डब्यान् ठेवते. झाकान उघडा ऱ्हायला तर वल धरंल."

"कोनता डबा, आय?"

"माज्या बोंबलाचा. दौलत बोल्ला ना, वल लागू देऊ नको? घरान् त्यो एकच डबा हाय ज्याला वल शिवत न्हाय. वर सरावनाचा कुनी हातबी लावत न्हाय. बोंबलाच्या मदोमद ठेवले व्हते तुजे चिरूट. आट दिस. बग, कसे कडक ऱ्हायले." आणि तिने अभिमानाने दौलतकडे पाहिलं.

केसरीनाथच्या बोटांत दुसरा सिगार निम्म्यावर आला होता. त्याने त्याकडे पाहिलं, मग कपाळाला हात लावला आणि भस्म बोटाला आलं.

"म्हंजी... माजं मन न्हवतं ते," तो पुटपुटला.

"समुद्र," सुभाष हळू आवाजात म्हणाला, आणि त्याने आपला सिगार खुर्चीच्या पायाशी ठेवून दिला.

ठकुबाईला आता उलगडा झाला. "आरं माज्या महादेवा! सोमवारी! सोमवार सोडायच्या आदी!"

केसरीनाथ दौलतकडे वळला. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "दौल्या, तू वळचा हायस ना?"

"हाय, शेठ."

"मग सांग. तुला कळला का न्हाय कळला?"

दौलतला एवढ्या वर्षांत कोणी इतका साधा प्रश्न विचारला नव्हता, आणि एवढा वाईटही. कळला म्हणावं, तर कळूनही शेठचा श्रावण धुरात घालवला. नाही कळला म्हणावं, तर आगरी घरात जन्मून बोंबील ओळखता येत नाही, आणि हा निघालाय सिगारची पारख शिकवायला. शेवटी तो म्हणाला, "शेठ, शेवटच्या भागात मिरी लागते..."

"गप ऱ्हा."

पुढचं काम इतकं सफाईने झालं की दौलतलाही मनातून दाद द्यावी लागली. लाज दोघांनाही वाटत होती. एकाने सोमवारी बोंबील ओढला होता, दुसऱ्याने बोंबलात ऑइस्टर शोधला होता. दोन लाजलेल्या माणसांना एक तिसरा लागतो, आणि तो समोरच बसला होता.

"तुम्हाला हा माल भेसळीचा दिला गेलाय, केसरीनाथजी," सुभाष म्हणाला. "मला पहिल्या पफलाच डाउट आला होता. म्हणूनच मी समुद्र म्हणालो."

"मला बी आला व्हता," केसरीनाथ म्हणाला. "पन पाहुन्यासमोर कसा बोलनार?"

"फ्रँकली, ब्रोकर मध्ये कशाला हवा? तुम्ही आहात, मी आहे. कंपनीचंही वाचेल."

"माजं बी." केसरीनाथने पेन घेतलं. "कागदावर भोईर लिवलाय तो काढा."

भोईर काढला. सही झाली. दौलत शेजारीच बसला होता. त्याला उठ म्हणायचंसुद्धा कोणाच्या ध्यानात आलं नाही. गावभर सांगेन, असं त्याच्या मनात एकदा आलं. पण सांगणार काय? श्रावणी सोमवारी शेठला बोंबील पाजला, तो मी? त्या दिवसानंतर वळमधल्या एकाही मालकाने त्याला दारात उभं केलं नसतं. गप्प बसण्याचे पैसे लोक घेतात म्हणे. दौलतवर फुकट गप्प बसायची पाळी आली.

प्रायश्चित्त ठकुबाईने ठरवलं: गणेशपुरीच्या गरम कुंडात आंघोळ, मग महादेवाला अभिषेक. गाडी कोणाची? दौलतची. दूध, दही, मध आणि गुरुजींची दक्षिणा? मायलेकाला लागलेलं पाप ज्याने आणलं, त्याची. खाली उतरल्यावर ठकुबाईने डबा त्याच्या हातात ठेवला. आतल्या बोंबलांना तंबाखूचा दर्प चढला होता. आठ दिवस वास एकाच बाजूने जात नसतो.

"ह्ये आता मांजर बी खानार न्हाय," ती म्हणाली. "सरावन सुटला का भरून आन. बारके आनू नको."

आता हिशेब मांडायचाच तर असा. केसरीनाथला भाडेकरू मिळाला, म्हणजे श्रावण मोडला तरी महादेवाने आपली बाजू पाळली. सुभाष रांगणेकरला रॅम्प मिळाला आणि पवईत सांगायला एक गोष्ट मिळाली. ती तो 'कोस्टल' या शब्दापाशीच संपवत असेल. ठकुबाईला तिचा डबा मिळाला, नव्या, मोठ्या बोंबलांनी गच्च भरलेला. आणि सिगारचे, अभिषेकाचे, गाडीच्या पेट्रोलचे आणि त्या बोंबलांचे पैसे दौल्याने भरले.